इनास काकांचा दुसरा मुद्दा

इनास काकांनी उभ्या आयुष्यात दुसरा मुद्दा मांडल्याचं कोणाला आठवत नाही. पहिला मात्र त्यांनी रोज मांडला, कधीकधी दिवसातून चारदा. उजव्या हाताचं बोट वर, डाव्या हाताने कमरेचा पट्टा वर, आणि मग सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी आरोळी: "मुद्दा पयला!" एकदा हा मुद्दा सुटला की तो वाडीतून बाजारात जायचा, बाजारातून दिल्लीला, दिल्लीहून अरबस्तानात, आणि परत येईपर्यंत ऐकणाऱ्याचं जेवण निवलेलं असायचं. दुसऱ्या मुद्द्याची पाळी येण्याआधीच कोणीतरी उठून जायचं, नाहीतर रोजा काकी आतून हाक मारायच्या, नाहीतर काकांनाच ठसका लागायचा.

मी त्यांचा भाडेकरू. घाटावरून वसईच्या शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा त्यांच्या ओटीला लागून असलेली खोली मला मिळाली. घरमालक म्हणून माणूस लाखात एक. फक्त सकाळी दात घासायला विहिरीवर गेलो की समोर ते बोट वर झालेलं दिसायचं. माझ्या तोंडात फेस असल्यामुळे मला "हं" याच्या पलीकडे काही बोलता यायचं नाही. काकांना असा श्रोता फार आवडे.

एकदा न्हाव्याकडे काकांची अर्धी दाढी झाली होती आणि शेजारच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक "सरकारने डिझेल महाग केलं ते बरंच झालं" असं काहीसं बोलून निघालं. काका गळ्यातल्या फडक्यासकट त्याच्या मागे. बाजार संपेपर्यंत त्यांनी त्याला सोडलं नाही. उरलेल्या अर्ध्या गालावरचा साबण उन्हात वाळून गेला. परत आले तेव्हा न्हाव्याने दुकान बंद केलं होतं, आणि काका त्या दिवशी अर्ध्या दाढीने चर्चमध्ये मिस्साला गेले. तिथे फादर प्रवचनात म्हणाले, "आज मी तुम्हांला दोन गोष्टी सांगणार आहे." काकांनी बोटांवर मोजून दोन्ही ऐकल्या आणि बाहेर पडताना फादरांचा हात धरून म्हणाले, "फादर, पयला मुद्दा एकदम झकास. पन दुसरा कशाला घेतला?"

तर अशा माणसाच्या वाडीत तेलाची पाइपलाइन आली. म्हणजे पाइप आला नाही, बातमी आली. पण इनास काकांना बातमी पुरे होती.

ऐंशी सालाच्या मागचीपुढची ही गोष्ट. समुद्रात तेल लागून काही वर्षं झाली होती. ते तेल आता किनाऱ्यावर आणायचं, वसईच्या वाड्यांमधून, रेल्वे ओलांडून कामण-चिंचोटीकडे न्यायचं, आणि तिथून पुढे कुठेतरी, अशी बोलवा उठली. मग एका सकाळी खरोखरच चार माणसं आली, तिपाईवर दुर्बीण लावून बघू लागली, आणि लाल फडकी बांधलेले बांबू जमिनीत ठोकत निघाली. समुद्राच्या बाजूने सुरू झालेली ती रांग इनास काकांच्या केळीच्या वाडीत बरोबर मधोमध शिरली आणि विहिरीच्या डाव्या अंगाने पलीकडे निघाली.

आता या वाडीबद्दल सांगायला हवं. मधे विहीर, भोवती केळी, कडेने पानवेली, आणि कुंपणाशी सोनचाफ्याची तीन झाडं. चुलतभावाने कुंपण वीतभर आत सरकवलं म्हणून काका त्याच्याशी अकरा वर्षं बोलले नव्हते. लग्नाच्या दिवशी नवरीच्या वेषात चुलतभावाची मुलगी समोरून गेली तेव्हाही काकांनी आशीर्वाद तिला दिला आणि तोंड कुंपणाकडे ठेवलं. अशा माणसाच्या वाडीचे दोन तुकडे होणार म्हटल्यावर आम्हांला वाटलं, आता रक्तपात. मी तर शाळेतून लवकर घरी आलो.

आणि बघतो तो काय, काका बांबू धरून उभे. "अजून जरा इकडे घ्या सायेब, इथे जमीन मऊ हाय, खोदायला बरी!"

रोजा काकी चुलीपाशी बसून हे ऐकत होत्या. त्या कमी बोलत. घरातला बोलण्याचा सगळा वाटा काकांनी उचलल्यामुळे त्यांच्या वाट्याला फारसं उरलंच नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, यांना ताप आलाय का बघा."

ताप नव्हता, पण अंगात वारं मात्र शिरलं होतं. गावात दोन तट पडले. पाइप हवा म्हणणाऱ्यांचे पुढारी इनास काका आणि नको म्हणणाऱ्यांचे पुढारी त्यांचेच लहानपणापासूनचे मित्र भास्करभाऊ. भास्करभाऊ खाडीकडच्या गावातले. चार म्हशी, दुधाचा धंदा, आणि गोठ्यामागे गोबरगॅस. त्या टापूत पहिला गोबरगॅस त्यांचा. शेणकाल्याने भरलेला खड्डा, त्यावर तरंगणारी लोखंडी टाकी. गॅस भरला की टाकी वर येई, संपला की खाली बसे. भास्करभाऊ पाहुण्यांना आधी टाकी दाखवत, मग बायकोची ओळख करून देत.

रोज संध्याकाळी काका सायकल काढून भास्करभाऊंकडे जात, बरोबर मलाही मागे बसवत. वाद व्हायचा गोठ्याच्या दारात, गोबरगॅसच्या चहावर.

"मुद्दा पयला! समुद्रात तेल हाय का नाय?"

"हाय."

"मंग ते तिथेच ठेवून त्याचं काय लोनचं घालायचं?"

"ऱ्हाऊ दे की तिथंच. माझ्या गोठ्यात गॅस हाय. ना धूर, ना काळी भांडी, ना कोना अरबापुढे हात जोडायचे. म्हैस शेन टाकते, चूल पेटते, उरलेलं खत भाताला. तुझ्या तेलाचं काय खत होतं काय?"

"तुझ्या गॅसवर चहा व्हायला पाऊन तास लागतो!"

"मंग हा तिसरा कप कसा काय पितोस?"

काका तिसरा कप संपवूनच उत्तर देत. "अरे, पोरांना कामं मिळतील त्याचं बोल! गावातली निम्मी पोरं पानी ओलांडून गेली. कोन दुबईला, कोन कुवेतला. इथे लाइन आली तर इथेच कामं निघतील का नाय?"

यावर भास्करभाऊंचं उत्तर ठरलेलं. ते म्हशीच्या पाठीवर थाप मारत. "पाइप एकदा पुरला की पुरला. त्याला काय रोज वैरन घालायची हाय? माझ्या या चार बायांना बाराही महिने दोन मानसं लागतात. धार काढायला, शेन काढायला, धुवायला. रोजगार म्हंजे म्हैस!"

जमलेली मंडळी हसत. काका चिडत. एकदा ते इतके चिडले की कप खाली आपटून ओरडले, "म्हशीला वेल्डर लागतो काय? सांग! लागतो?"

कोणाला काही कळलं नाही. मीही हसलो. काका मात्र सायकल काढायला उठले. भास्करभाऊ हसले नाहीत. ते टाकीकडे बघत बसले.

घरी येताना सायकलच्या मागे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. काकांचा एकुलता एक मुलगा विल्सन वेल्डर होता. सहा वर्षांपूर्वी तो आखातात गेला होता आणि तिकडे वाळवंटात तेलाच्या पाइपांचेच सांधे जोडत होता. सहा वर्षांत एकदाच आला, तोही तीन आठवड्यांसाठी. ओटीवर त्याची खाट होती. तिच्यावर कोणी बसत नसे, मीसुद्धा नाही. मला वाटे, काकी तिच्यावर गाद्या उन्हात घालायला ठेवतात म्हणून. वाडीचे दोन तुकडे करून घ्यायला हा माणूस का नाचतोय, ते मला त्या सायकलवर कळलं, आणि आपण हसलो याची लाज वाटली.

विल्सनला पत्र मीच लिहीत असे. काकांना लिहिता येत होतं, पण "बोलताना मला सुचते, लिवताना नाय" असं त्यांचं म्हणणं. महिन्यातून एकदा निळं हवाई पत्र माझ्यासमोर ठेवायचे आणि खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचे, "लिवा मास्तर. मुद्दा पयला." मग पाइपची रांग कुठून कुठे गेली, भास्कर काय बोलला, त्याला आपण कसं गप्प केलं (हे खरं नसे), फादर कोणाच्या बाजूचे, असं सगळं लिहून निळा कागद भरून जायचा. शेवटच्या चिंचोळ्या पट्टीत मी विचारी, "अजून काही?" काका खिडकीबाहेर बघत म्हणत, "वेल्डरची कामं निघतील असं बोलतात, तेवढं घाला. आपलं सहज." विल्सनचं उत्तर चार ओळींचं यायचं. तब्येत बरी आहे. इकडे गरमी फार. आईला सांगा. कळावे.

मे महिना आला. मे म्हणजे मरियेचा महिना. गावच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी सगळी आळी जमून रोझरी म्हणते आणि मग उकडलेले चणे वाटतात. प्रार्थना ख्रिस्ती लोकांची, पण चणे सगळ्यांचे. भास्करभाऊ चण्यांसाठी खाडीवरून सायकल मारत येत आणि शेवटच्या आमेनला बरोबर पोचत. त्या वर्षी चणे हातात पडले की लगेच पाइपचा वाद सुरू होई. रोझरी म्हणताना लोक जरा घाईतच असत.

अशात एके दिवशी दुर्बीणवाले परत आले. आपण ठोकलेल्या बांबूंच्या रांगेत बघत बघत ते चालू लागले आणि वाडीत येऊन थबकले. रांग केळीत शिरून एकदम उजवीकडे वळली होती, विहिरीला वळसा घालून, मागे फिरून, काकांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून थेट गावच्या क्रुसाकडे निघाली होती. दुर्बीणवाल्यांतल्या एकाने डोकं खाजवत वहीत काहीतरी लिहिलं. एका पोरीने ते पाहिलं. अर्ध्या तासात गावभर झालं: पाइप क्रुसाखालून जाणार!

अरे बापरे! त्या संध्याकाळी क्रुसापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. पाइप हवा म्हणणारे, नको म्हणणारे, ज्यांना कालपर्यंत पाइप कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं ते, सगळे. कोणी म्हणालं बिशपांना तार करा. कोणी म्हणालं आडवे पडू. भास्करभाऊ, ज्यांचा क्रुसाशी संबंध चण्यांपुरता, तेही गरजले, "क्रुसाला हात लावाल तर माझ्या चारी म्हशी आनून बांधीन इथे!" इनास काका मधोमध उभे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पहिला मुद्दासुद्धा सुचत नव्हता.

तेवढ्यात रोजा काकी उभ्या राहिल्या. हातात चण्यांची परात तशीच.

"ते बांबू मी काढले," त्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"आठ दिवसांपूर्वी वारा सुटला. केळीचे लोंगर वजनाने वाकले होते. टेकू पायजे होते. हे बांबू नुसते उभे होते, काय काम नव्हतं त्यांना. मी काढून केळींना लावले. फडकी धुवून कंदिलाच्या काचा पुसायला घेतली. पन नव्या मानसांनी परत नवी फडकी बांधली वाटते."

बरोबर तसंच झालं होतं. दुर्बीणवाल्यांच्या पुढे आलेल्या मदतनिसाला वाटलं वाऱ्याने फडकी उडाली. त्याने दिसेल त्या बांबूला इमानदारीत नवं फडकं बांधलं. पाइपलाइन काकींच्या केळींमागून चालली होती. ज्या केळीचा घड जास्त जड, तिकडे तेल!

हशा असा उठला की क्रुसावरची पाखरं उडाली. फादर डोळे पुसत होते. भास्करभाऊ जमिनीवर बसले. फक्त इनास काका हसले नाहीत. बायकोकडे बघत ते हळूच म्हणाले, "रोजा, ते सरकारचे बांबू होते गं." काकी म्हणाल्या, "केळी माझी होती."

आठ दिवसांनी मोठे साहेब आले. एवढा गोंधळ झाल्यावर गावाला समजावून सांगायला त्यांना यावंच लागलं. संध्याकाळी चणे वाटून झाल्यावर क्रुसासमोर खुर्ची टाकली, शहाळं दिलं. साहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. भास्करभाऊ गोबरगॅसवर बोलले, म्हशीवर बोलले. मग इनास काका उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, पूर्ण दाढी. बोट वर, पट्टा वर.

"मुद्दा पयला!"

काय बोलले ते त्या दिवशी! देशाला तेल हवं, गावाला रस्ता हवा, पोरांना काम हवं, माझी वाडी मधोमध कापा, केळी पुन्हा लावता येतात. आवाज चढला, कान लाल झाले. आमचे हात टाळ्या वाजवून दुखले, नको म्हणणाऱ्यांचेसुद्धा. अर्धा तास झाला. काका दम घ्यायला थांबले. आता कोणीतरी उठणार, ठसका लागणार, असं वाटत असतानाच साहेबांनी शहाळं खाली ठेवलं आणि अगदी आदराने विचारलं, "आणि दुसरा मुद्दा?"

हा प्रश्न इनास काकांना आजवर कोणी विचारलाच नव्हता.

त्यांचं बोट खाली आलं. पट्ट्यावरचा हात तसाच राहिला. एवढ्या माणसांत ते अशा आवाजात बोलले की मागच्यांना ऐकू गेलं नसेल. "सायेब, वेल्डर लागतील काय इथे?"

"लागतील ना. कंत्राटदार आणील त्याची माणसं."

"किती दिवस?"

"तुमच्या गावात? तीन-चार महिने."

"मंग?"

"मग लाइन पुढे जाईल, तसे तेही पुढे जातील."

काका "बरं" म्हणाले आणि खाली बसले. भास्करभाऊ हेच तर वर्षभर सांगत होते. त्यांचा सरळ सरळ विजय झाला होता. पण स्वतःच्या हातातले चणे त्यांनी इनास काकांच्या ओंजळीत घातले आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले. मला तेव्हा या दोन म्हाताऱ्यांबद्दल फार जिव्हाळा वाटला.

पावसाळा सरता सरता कळलं की लाइन दुसरीकडूनच जाणार. वसईच्या वाड्या वाचल्या. गावात आनंद झाला. काकींनी टेकूचे बांबू काढून नीट पडवीत ठेवून दिले, सरकार परत मागायला आलं तर असावेत म्हणून. काका सकाळी विहिरीवर यायचे, पण बोट वर होत नसे. तोंडात फेस घेऊन मी वाट बघायचो. त्या शांततेत मला दात घासणंही नकोसं झालं.

मग एका रविवारी भास्करभाऊ सायकलवरून आले. ओटीवर बसले, विल्सनच्या खाटेकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "इनास, माझी टाकी गळते."

"तुझी टाकी? तुझी टाकी कधी गळते?" काकांचा आवाज खूप दिवसांनी चढला.

"सहा ठिकानी गंजलीय. डांबराची ठिगळं लावून दमलो. चहा होत नाय आता. आनि माझं बघून तिकडे फुलपाड्यापर्यंत लोक टाक्या बांधायला लागलेत. सगळ्यांच्या गंजनार. मानूस पायजे हातातला." ते इनास काकांकडे वळले. "म्हशीला वेल्डर लागत नाय, हे खरं. पन टाकीला लागतो."

त्या दुपारी काकांनी निळं पत्र माझ्यापुढे ठेवलं. येरझाऱ्या नव्हत्या. ते दारातच उभे राहिले.

"लिवा मास्तर. मुद्दा पयला. पाइपलाइन दुसरीकडून गेली."

मी लिहिलं. पुढे काही येईना. दिल्ली नाही, अरबस्तान नाही. सगळा कागद कोरा पडला होता. आत काकींच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मुद्दा दुसरा," काका म्हणाले.

मी मान वर करून बघितलं. त्यांनी पट्टा वर ओढला नाही.

"मुद्दा दुसरा. भास्करच्या टाकीला भोकं पडली हायेत. तो बाहेरच्या कोनाला हात लावू देत नाय. टाकी तुझी वाट बघते."

"काका," मी म्हटलं, "टाकी वाट बघते, असंच लिहू?"

"टाकीच लिवा."

मी टाकीच लिहिलं. पत्र वाचून दाखवलं. काकांनी मान हलवली, मग पुढे येऊन माझ्या हातातलं पेन घेतलं. खाली भरपूर जागा शिल्लक होती. जीभ दातांत धरून, सावकाश, वाकड्यातिकड्या अक्षरात त्यांनी स्वतः एकच शब्द लिहिला: ये.

मग पेन परत देऊन ते ओटीवर गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विल्सनच्या खाटेवर बसले.